सेकंड हँड मिरर डिंगी: २८० पौंडांच्या जुन्या होडीवर सेलिंग शिकलो, त्याचा पूर्ण रिव्ह्यू

गेल्या फेब्रुवारीत मी इथे इंग्लंडमध्ये लेस्टरजवळच्या एका गावातून जुनी मिरर डिंगी (छोटी शिडाची होडी) घेतली, २८० पौंडांना, ट्रॉली आणि रोड ट्रेलरसकट. आता एक अख्खा सीझन झालाय, होडी दुरुस्त करून झाली, मी आणि माझी १२ वर्षांची लेक दोघं तिच्यावरच सेलिंग शिकलो, आणि फोटो टाकल्यापासून इतक्या जणांनी विचारलं की "कितीला पडली, आम्हीपण घ्यावी का" म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

माझं मुख्य म्हणणं आधीच सांगतो. जुन्या लाकडी होडीचं लाकूड थोडं कुजलेलं असेल तर घाबरू नका, पण सामान कमी असेल तर नक्की घाबरा. मी हे बरोब्बर उलटं समजत होतो. मला वाटायचं लाकूड ठणठणीत हवं, बाकी दोऱ्या-शिडं काय घेता येतील नंतर. तसं नाहीये. कुजलेली फळी कापून नवी बसवायला तीस-चाळीस पौंडांचं प्लायवूड आणि दोन शनिवार-रविवार लागतात, पण शीड नसेल, सुकाणू नसेल, एखादा लाकडी दांडा हरवलेला असेल तर ते एकेक जमवताना होडीच्या किमतीच्या दुप्पट पैसे जातात.

ज्यांना मिरर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हे डिझाइन १९६२-६३ मधलं. जॅक होल्ट नावाचा नावाजलेला डिझायनर (एंटरप्राइझ ही निळ्या शिडाची डिंगी पण त्याचीच, ती आपल्याकडे भारतातल्या क्लबांमध्येही भरपूर चालली) आणि बॅरी बकनेल नावाचा टीव्हीवर घरच्या घरी दुरुस्त्या शिकवणारा माणूस, या दोघांनी मिळून ती बनवली. पैसा आणि प्रसिद्धी डेली मिरर या पेपरची, म्हणून नाव मिरर आणि शिडं पेपरच्या रंगाची, लाल. आयडिया अशी की साध्या नोकरदार माणसाला परवडावी आणि त्यानं ती स्वतः गॅरेजमध्ये बांधावी. सुरुवातीला किट मिळायचं ६३ पौंड ११ शिलिंगला. प्लायवूडचे कापलेले तुकडे यायचे, त्यांच्या कडांना भोकं पाडायची, तांब्याच्या तारेनं एकमेकांना शिवायचे, आणि मग सांध्यावर फायबरग्लासची पट्टी आणि रेझिन. सत्तर हजारांच्या वर झाल्या या होड्या, त्यामुळे इंग्लंडमध्ये आजही कुणाच्या तरी परसात ताडपत्रीखाली एखादी पडलेली असतेच.

लांबी जेमतेम ११ फूट, रिकामी होडी साधारण ४५ किलो. पुढची नाळ (होडीचं पुढचं टोक) टोकदार नाही, चपटी आहे, त्यामुळे दिसायला ती जराशी डब्यासारखी दिसते आणि काही लोक तिला नावं ठेवतात. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली. आणि डोलकाठी एकदम आखूड आहे, तिच्यावर दुसरा एक दांडा दोरीनं वर चढवायचा आणि त्याला शीड बांधलेलं, याला गंटर रिग म्हणतात. फायदा असा की सगळे दांडे काढले की होडीच्या लांबीतच मावतात. मी हा प्रकार हर्णैला मामाला व्हिडिओ कॉलवर दाखवला. मामानं आयुष्य मासेमारीत काढलंय. दोन मिनिटं बघत बसला आणि म्हणाला, "अरे, ही तर परभाणच की, फक्त उभी केलीये त्यांनी." (परभाण म्हणजे आपल्याकडच्या होड्यांत शीड बांधायचा तिरका दांडा.) मग त्यानं मला शिडाच्या दोरीला दामण म्हणतात ते सांगितलं, आणि तेव्हापासून आमच्या होडीत लेक पण "पपा, दामण सोडा" असंच ओरडते. लहानपणी आजोळी गेलो की मामाच्या होडीत बसायचा हट्ट करायचो आणि पोहता येत नाही म्हणून कधी नेलं नाही, ते मनात राहिलं होतं. नंतर नौदलाचे दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या म्हादेई या शिडाच्या बोटीवरून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून २०१० मध्ये परत आले ती बातमी वाचली, आणि तेव्हा ठरवलं की आपणही शीड हाताळायला शिकायचं. १४-१५ वर्षं गेली मध्ये, असो.

आता खरेदी. मी तीन होड्या पाहिल्या. पहिली १५० पौंडांची, फोटोत एकदम चकाचक, निळा रंग नवा कोरा. गेलो तर रंग खरंच नवा होता, इतका नवा की वास येत होता. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन गेलो होतो, मागच्या फळीच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे पाणी काढायचं भोक असतं तिथे नुसता टेकवला आणि अर्धा इंच आत गेला, काही जोर न लावता. रंगाखाली प्लायवूड चहात बुडवलेल्या खारीसारखं झालं होतं, पदर न् पदर सुटलेले. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणे "वय झालंय, एवढं चालतंच". मला कुजल्याचा राग नाही आला, तो रंग मारून झाकल्याचा आला. कुजलेलं उघडं दाखवणारा माणूस मला चालतो. निघून आलो.

दुसरी फुकट होती. अक्षरशः फुकट, घेऊन जा म्हणाले. होडी चांगली होती पण डोलकाठी नाही, वरचा दांडा नाही, शिडं नाहीत, डॅगरबोर्ड नाही (म्हणजे होडीच्या मधल्या फटीतून खाली पाण्यात सोडायची फळी, ती नसेल तर होडी वाऱ्याबरोबर आडवी वाहत जाते). मी जवळजवळ घेतच होतो. बायकोनं गाडीत बसून फोनवर एकेका वस्तूची जुन्या बाजारातली किंमत काढली आणि बेरीज साडेपाचशेवर गेली. तिथेच तो विषय संपला.

तिसरी आमची. एक निवृत्त शिक्षक आजोबा, त्यांनी सत्तरच्या दशकात स्वतः किटमधून बांधलेली, तीन मुलं तिच्यावर शिकली, नंतर पंधरा वर्षं गॅरेजमध्ये. त्यांनी स्वतःच मला टॉर्च दिला आणि म्हणाले इथे बघ, इथे बघ, इथे वाईट आहे. मागच्या फळीचा उजवा कोपरा गेलेला, पुढच्या हवेच्या टाकीचा एक सांधा सुटलेला, डेकचं व्हार्निश पापडासारखं उठलेलं. पण सामान सगळं, दोन सुकाणू, सगळे दांडे, वल्ही, जुनी लाल शिडं, एका डब्यात शॅकल (दोऱ्या-तारा अडकवायच्या कड्या) आणि पुल्या नीट तेल लावून ठेवलेल्या. ३०० सांगितले होते, २८० ला दिली. खरं तर घासाघीस करायला नको होती असं आता वाटतं.

बघायला जाल तेव्हा काय बघायचं, तर माझ्या अनुभवानं या जागा: मागच्या फळीचा खालचा भाग, डॅगरबोर्डच्या पेटीचा तळाशी असलेला सांधा, डोलकाठीच्या तारा जिथे होडीच्या कडेला अडकवतात तिथलं आतलं लाकूड, आणि हवेच्या टाक्यांचे आतले कोपरे. टाकीचं गोल झाकण उघडून नाक लावून वास घ्या. बंद पडलेल्या घरासारखा कुबट ओला वास आला तर आत पाणी राहिलंय. फायबरग्लासच्या पट्टीखाली काळी रेघ दिसली तर त्याखाली लाकूड ओलं आहे. बाकी रंग, व्हार्निश, ओरखडे याकडे बघूच नका.

दुरुस्ती फेब्रुवारी ते मे चालली. मला सुतारकाम येत नव्हतं, हे आधी सांगून ठेवतो, आयकियाची कपाटं जोडण्यापलीकडे अनुभव शून्य. सगळ्यात आधी आम्ही टाक्या तपासल्या, आणि ही टेस्ट इतकी सोपी आहे की प्रत्येकानं करावी. भांडी घासायचं लिक्विड पाण्यात फेसाळून ब्रशनं सगळ्या सांध्यांवर फासायचं, टाकीच्या झाकणातून हवेच्या गादीच्या पायपंपानं हळू हवा भरायची, फार जोरात नाही नाहीतर चांगला सांधाही सुटेल, आणि बघत बसायचं. जिथे गळती तिथे बुडबुडे. लेकीनं खडूनं खुणा केल्या, एकूण सात निघाल्या. टाक्या महत्त्वाच्या का, तर होडी उलटली की त्याच तुम्हाला तरंगत ठेवतात, आणि मला स्वतःला चाळिशीत पोहायला शिकावं लागलंय, त्यामुळे यात मी अजिबात तडजोड केली नाही.

मग सुटलेल्या सांध्यांवरची जुनी पट्टी खरवडायला घेतली. एका रविवारी लेक सँडपेपर घासत होती आणि एकदम हाक मारली, पपा इकडे या. पट्टीखालून तांब्याचा एक बारीक ठिपका चमकत होता, मग तीन-चार इंचांवर दुसरा, मग तिसरा. आजोबांनी पन्नासएक वर्षांपूर्वी पक्कडीनं पीळ मारलेली तार. टाके घातल्यासारखी ओळच्या ओळ. आम्ही दोघंही काही वेळ काम थांबवून नुसतं बघत बसलो. त्यातला एकही टाका मी काढला नाही, घट्ट होते, वरून नवी पट्टी मारली.

रेझिनबद्दल जरा सविस्तर, कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली. मूळ होड्या पॉलिएस्टर रेझिननं जोडलेल्या असतात, पण दुरुस्तीला इपॉक्सी वापरा, जुन्या लाकडाला ते कितीतरी चांगलं धरतं. मी वेस्ट सिस्टिम या ब्रँडचं घेतलं, रेझिन आणि हार्डनर पाचाला एक या प्रमाणात, त्यांचे पंप मिळतात, दोन्हीचा एकेक दट्ट्या दाबला की प्रमाण आपोआप जुळतं, ते पंप जरूर घ्या. पण मी स्लो हार्डनर घेतला, का तर मला काम करायला वेळ जास्त मिळेल. फेब्रुवारीत गॅरेजमध्ये ४-५ डिग्री. तीन दिवस झाले तरी ते चिकटच, काकवीसारखं. स्लो हार्डनरला उबदार हवा लागते, डब्यावर लिहिलेलं असतं, मी वाचलं नव्हतं. सगळं खरवडून, पुसून, परत पहिल्यापासून, एक अख्खा वीकेंड आणि २५ पौंडांचा माल गेला. दुसऱ्यांदा फास्ट हार्डनर आणला, होडीवर ताडपत्रीचा तंबू केला आणि आत छोटा हीटर ठेवला, मग सकाळपर्यंत दगड.

फिलर पावडर मिसळून घट्ट करताना लोक विचारतात किती घट्ट, तर चक्क्यासारखं. चमचा उलटा केला तर पडायला नको. आणि कपात जास्त वेळ ठेवू नका, कपातलं इपॉक्सी स्वतःच गरम होतं, माझा एक प्लास्टिकचा कप वाकडा झाला आणि धूर यायला लागला, तेव्हापासून मिसळलं की लगेच पसरट ट्रेमध्ये ओततो. सेट झाल्यावर वर मेणासारखा थर येतो, तो आधी साध्या पाण्यानं आणि हिरव्या घासणीनं धुवायचा, मगच सँडपेपर, नाहीतर वरचा रंग धरत नाही. हातमोजे आणि मास्क प्रत्येक वेळी, याची अ‍ॅलर्जी एकदा लागली की कायमची.

मागच्या फळीचा कोपरा कापला तेव्हा मात्र पोटात गोळा आला होता. चांगल्या लाकडापर्यंत कापत गेलो, कापायचं असतं त्याहून दोन इंच जास्तच गेलं, मग मरीन प्लायचा (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडचा) तुकडा, आतून जोडपट्टी, इपॉक्सी, वरून फायबरग्लास. जोड नीट बघितला तर दिसतो. गळत नाही. वरून रंग आणि व्हार्निशचे पाच हात, कारण नुसतं इपॉक्सी उन्हानं खराब होतं.

डोलकाठीच्या तारा मी नव्या घेतल्या, ३ मिमीच्या स्टीलच्या, जुन्यांची एक लड तुटून बाहेर आली होती आणि ती बोटात घुसली तेव्हाच कळलं. इथे पैसे वाचवू नका. शिडांच्या बाबतीत आणखी एक. आजोबांची शिडं पातळ रुमालासारखी मऊ झाली होती, त्यांनी शिकता येतं पण वाऱ्याच्या उलट दिशेनं वर चढताना होडी पुढे कमी आणि बाजूला जास्त जाते. मी ऑनलाइन एका ठिकाणाहून स्वस्तात नवं शीड मागवलं, मिररचंच म्हणून, आलं ते दांड्यापेक्षा एक वीत मोठं. परत घ्यायला तयार नाहीत, महिनाभर ईमेल, शेवटी कार्ड कंपनीकडून पैसे मिळाले. त्यानंतर एका रेस करणाऱ्या माणसाकडून त्याची जुनी शिडं १३० ला घेतली आणि ती उत्तम निघाली. रेस करणारे लोक शिडं लवकर बदलतात, त्यांची टाकाऊ शिडं आपल्यासारख्याला सोनं आहेत.

एकूण हिशोब: होडी २८०, इपॉक्सी आणि त्याचं सगळं सामान ९५ (वाया गेलेलं धरून), प्लाय आणि लाकूड ४०, रंग-व्हार्निश ११०, दोऱ्या ७०, तारा ६५, शिडं १३०, ट्रेलरचे टायर, बेअरिंग आणि लाइटबोर्ड ८५. म्हणजे ८७५ पौंड. लाइफजॅकेट-वेटसूट वेगळे. थर्ड पार्टी इन्शुरन्स पण वेगळा, तो नसेल तर बहुतेक ठिकाणी पाण्यात उतरूच देत नाहीत. म्हणजे होडीच्या किमतीच्या तिप्पट धरून चाला. तरीही नव्या डिंगीला जे काही हजार मोजावे लागतात त्यापुढे हे काहीच नाही.

आता पाण्यावर. आम्ही रटलंड वॉटर या मोठ्या तलावावर जातो, व्हिटवेलच्या बाजूनं, समोर पाण्याच्या काठावर नॉर्मंटनचं अर्धं पाण्यात गेल्यासारखं चर्च दिसतं. होडी पाण्यात घालण्याआधी मी आरवायए या इथल्या सेलिंगच्या राष्ट्रीय संस्थेचा लेव्हल वनचा दोन दिवसांचा कोर्स केला आणि तो कराच, नुसत्या व्हिडिओंवर जाऊ नका. फक्त एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. कोर्समधल्या होड्यांमध्ये मोठ्या शिडाची दोरी मधून येते, त्यामुळे वळताना तोंड पुढे ठेवून बाजू बदलायची. जुन्या मिररमध्ये ती मागच्या फळीवरून येते, म्हणून तोंड मागे करून बाजू बदलायची आणि हातांची अदलाबदलही वेगळी. पहिले दोन दिवस माझे हात आणि सुकाणूचा दांडा यांचा गुंता व्हायचा. घरी सोफ्यावर झाडूचा दांडा धरून प्रॅक्टिस केली, तीस-चाळीस वेळा, मग जमलं.

होडी शिकण्यासाठी कशी आहे? फारच चांगली. समजूतदार आहे, हा एकच शब्द सुचतो. पुढची नाळ चपटी असल्यानं पुढेही बऱ्यापैकी रुंदी मिळते, कललीच तर आधी इशारा देते, एकदम आडवी पडत नाही. दोरी सोडली की शांत उभी राहते. लेक पुढचं छोटं शीड सांभाळते, मी मोठं शीड आणि सुकाणू, आणि ११ फुटांत दोघांना काम पुरून उरतं. लेझर नावाची डिंगी घे असं मला खूप जण म्हणाले, तीही स्वस्तात मिळते, पण ती एकट्याची आणि अवखळ आहे, तिच्यावर मी एकटा शिकलो असतो आणि लेक काठावर बसून राहिली असती.

त्रुटीही आहेत. उलटली की खूप पाणी भरतं. आम्ही जूनमध्ये मुद्दाम काठाजवळ उलटवून बघितली, सरळ करणं सोपं, डॅगरबोर्डवर उभं राहायचं आणि कडा ओढायची, पण सरळ झाल्यावर आत बसायच्या फळीपर्यंत पाणी, बादलीनं उपसायला आम्हाला दहा मिनिटं लागली. बादली दोरीनं बांधून ठेवा. नाहीतर ती पहिली वाहून जाते. मोठ्या शिडाचा खालचा दांडा बराच खाली आहे, वारा पाठीवर असताना वळलो आणि डोकं खाली घातलं नाही तर बसतोच. काठाला येताना डॅगरबोर्ड वेळेत वर ओढावा लागतो, तो आपोआप मुडपत नाही, आम्ही एकदा विसरलो आणि फटीचा कोपरा टवका उडून गेला. आणि दोन मोठी माणसं असतील तर ही घेऊ नका, पाय ठेवायला जागा राहत नाही, एक मोठं आणि एक मूल हेच तिचं खरं माप.

वेगळ्या तळ्यावर नेणार असाल तर घरी आणून धुवा आणि पूर्ण वाळवा. २०१० मध्ये ग्राफम वॉटर या तलावात ती परदेशी किलर कोळंबी सापडली, ती ओल्या होड्या-दोऱ्यांवरून पसरते, म्हणून इथे सगळीकडे पाट्या लावल्यात. आपल्यामुळे दुसरं तळं खराब व्हायला नको.

रेटिंग द्यायचंच तर मिररला ५ पैकी साडेचार, तो अर्धा त्या पाणी भरण्याचा कापला.

सध्या होडी परसात दोन जुन्या टायरांवर पालथी आहे, ताडपत्रीला बाजूनं हवा खेळती ठेवलीये आणि टाक्यांची झाकणं काढून घरात आणून ठेवलीत, बंद ठेवली तर आतून परत कुजायला सुरुवात होते. मार्चमध्ये तो डॅगरबोर्डच्या फटीचा टवका भरायचाय. या वेळी फास्ट हार्डनर आधीच आणून ठेवलाय.